पायाला कळणारी कड

९ जानेवारी

दवाखान्याच्या चौकाचं काम आज साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं. गळ्यात घातलं म्हणते खरी, पण वर्षभर भुणभुण लावून ते मीच मागून घेतलंय. पालिकेच्या नियोजन विभागात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नकाशांवर सह्या केल्या. हा चौक माझा. एका अंगाला दवाखाना, समोर शाळा, तिसरीकडे बाजार आणि चौथीकडे आमचीच गल्ली. रोज जीव मुठीत धरून ओलांडते मी तो.

या वेळी नकाशा बंद खोलीत काढायचा नाही. चौकाची हुबेहूब प्रतिकृती संगणकावर करायची. दवाखान्यात, शाळेत, बाजारात एकेक टॅबलेट ठेवायचा. येणाऱ्याजाणाऱ्याने पडद्यावरच्या चौकात हिंडावं, खटकेल तिथे बोट ठेवावं. ज्यांना पडदा जमत नाही त्यांच्यासाठी बोलका नंबर. फोन लावून बोलायचं, यंत्र ते लिहून काढणार, आम्ही उत्तर टाइप करणार आणि यंत्रच उलट फोन करून ते वाचून दाखवणार. ही करामत दाढीची. दाढी म्हणजे आमच्या विभागात सॉफ्टवेअर बघणारा माझा सहकारी. नाव सगळे विसरलेत, बहुतेक तोही. बोलणाऱ्याचं नाव-नंबर कोणालाच दिसू नये, अगदी आम्हालाही, हा मात्र माझा हट्ट. लोक मग मोकळं बोलतात.

जेवताना आईला सांगितलं. म्हणाली, "लोकांना विचारणार? मग लोक सांगतील हो."

"सांगावंच."

"ऐकवेल का तुला?"

जन्मभर शाळेत कवायत शिकवली तिने. निवृत्त झाली, पण आवाजातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही.

१३ जानेवारी

आईचे डोळे तपासून आणले. काचबिंदू पुढे सरकलाय. मधलं थोडं दिसतं, कडेचं गेलं. नळीतून बघितल्यासारखं, असं डॉक्टर म्हणाले. मागे बाजारात पडली तेव्हापासून मी तिला एकटीला बाहेर सोडत नाही. दादा दुसऱ्या शहरात बसून फोनवर बजावतो, "तिच्यावर लक्ष ठेव हं." जसं काही मी इथे झोपा काढते.

घर मात्र मी चोख केलंय. टेबलाच्या कोपऱ्यांना रबर, न्हाणीघरात दांडा, जिन्याच्या पायऱ्यांना पिवळी पट्टी. तिला बाहेर पडायची गरजच राहिलेली नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून घडीची पांढरी काठीही आणली. तिने ती हाताने चाचपली आणि कपाटात ठेवून दिली. मीही आग्रह केला नाही. माझा हात धरून तर जाते, काठी हवी कशाला?

बोलका नंबर चालतो का बघायला तिच्या फोनमध्ये एकच्या बटणावर घालून दिला. ती म्हणाली, "हॅलो, हॅलो, एक दोन, एक दोन." यंत्राने लिहिलं, "हल्ला, हल्ला, एक दोन." दाढी म्हणतो, शिकेल हळूहळू.

२२ जानेवारी

टॅबलेट लागले. पहिल्या आठवड्यात पडद्यावरचा चौक लाल ठिपक्यांनी गोवर आल्यासारखा भरला. साहेब खूश. मी नाही. ठिपके कोणाचे ते बघितलं तर बहुतेक गाडी लावायला जागा हवी म्हणणाऱ्यांचे. ज्यांना चौकाचा खरा जाच होतो ते आधी चौकापर्यंत पोचतच नाहीत, मग टॅबलेटपर्यंत कुठून पोचणार? बोलक्या नंबरवर तर सामसूम. एका गृहस्थांनी बसचं वेळापत्रक विचारलं, एकाने शिवी देऊन ठेवून दिला.

पोस्टर मोठी करून दवाखान्याच्या रांगेपाशी लावायची. नर्सबाईंना सांगायचं की वाचून दाखवा. हार मानायची नाही.

२८ जानेवारी

बोलक्या नंबरवर अखेर एक माणूस सापडलं. बाई आहे. यंत्राने लिहिलेलं जसंच्या तसं उतरवते: "पडद्यावरचा चौक फार सुरेख आहे म्हणे. त्यात कोणी आपटतं का? खऱ्या चौकात दवाखान्याच्या कोपऱ्यावर खांब आहे. खांबाला विजेची पेटी, पेटीला कोपरा, कोपऱ्याला माझं कपाळ. हा क्रम बदलता येईल का?"

दाढी इतका हसला की चहा सांडला. आम्ही तिचं नाव टोमणेबाई ठेवलं. मी उत्तर टाइप केलं, "पेटी हलवण्याची सूचना दिली आहे. आपल्याला लागलं असल्यास क्षमस्व."

घरी आले तर आईच्या कपाळावर टेंगूळ. कपाटाचं दार उघडं राहिलं होतं म्हणे. आता सगळ्या कपाटांच्या दारांनाही रबर लावायला हवं.

५ फेब्रुवारी

पेटी हलली! वीजवाल्यांना रोज फोन करून भंडावून सोडलं. टोमणेबाईंचा निरोप: "कपाळाच्या वतीने आभार. आता खांबाशेजारच्या झाकण नसलेल्या गटाराकडे वळू."

अशी माणसं हवीत. इतरांच्या तक्रारी म्हणजे 'काहीतरी करा'. ही बाई बोट ठेवते तिथे दुखत असतं. कोण असेल? एकटी राहत असावी बिचारी. घरचं कोणी बघत नसेल.

दुपारी आईला फोन केला, उचलला नाही. झोपली असणार. हल्ली दुपारी गाढ झोपते, एका अर्थी बरंच.

१४ फेब्रुवारी

माझा आराखडा तयार झाला. मला स्वतःलाच आवडलाय, उगाच विनय कशाला? सगळा चौक एका पातळीत. पायरी नाही, कठडा नाही, चढ-उतार नाही. रस्ता आणि फुटपाथ एकाच फरशीचे, फक्त रंगात थोडा फरक. मध्ये कारंजं, भोवती बाकं. दाढीने तो पडद्यावर उभा केला तेव्हा ऑफिसातले शिपाईदेखील बघायला आले.

सगळ्यांत जास्त आनंद औषधवाल्या काकांना. चौकात बाजाराच्या अंगाला त्यांचं औषधांचं दुकान आहे. अपघातानंतर व्हीलचेअरवर आहेत, तोंडाने मात्र पळतात. म्हणाले, "बाईसाहेब, पायरी म्हणजे माझी वैरीण. माझ्याच दुकानातून पलीकडच्या दवाखान्यात जायला मला दोन माणसं लागतात. तुम्ही ती सगळी लोळवलीत. झालं हे, तर मी तुमचा फोटो दुकानात लावेन."

साहेबांनी चित्र वर पाठवलंसुद्धा. उद्घाटनाला कोणाला बोलवायचं तेही ठरतंय. पाया खणला नाही, तोवर हे.

१८ फेब्रुवारी

टोमणेबाई: "सगळं सपाट करणार असं ऐकलं. छान. मग फुटपाथ संपला आणि रस्ता लागला हे मला कोण सांगणार? अंगावर येणारी बस?"

मी सविस्तर उत्तर दिलं. वाहनांचा वेग कमी ठेवला जाईल, वाहनचालक आणि पादचारी एकमेकांच्या नजरेला नजर देऊन मार्ग काढतील, पुढारलेल्या शहरांत हे यशस्वी झालेलं आहे वगैरे.

तासाभरात उलट निरोप: "नजर! ती असती तर यंत्राशी बोलत बसले असते का?"

इतके दिवस हिच्या निरोपांवर हसतोय, उत्तरं देतोय, आणि ही बाई बघू शकत नाही हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. खांब, पेटी, गटार! सगळं समोर होतं. घरात आई असून मला हे सुचू नये?

आईला विचारावं का, सपाट चौकात तुला काय वाटेल म्हणून? नको. तिच्या डोळ्यांचा विषय काढला की तिला लागतं. शिवाय तिला कुठे एकटीने चौक ओलांडायचाय?

रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, "चेहरा का पडलाय?"

"तुला दिसतो?"

"आवाज पडलाय."

२१ फेब्रुवारी

साहेबांकडे गेले. म्हटलं, आराखड्यात मोठी चूक आहे, दुरुस्त करते. ते चष्मा पुसत म्हणाले, "चित्र वर गेलंय. एका बाईच्या फोनवर चौक बदलायचा? कोण आहे ती?"

"माहीत नाही."

"नाव नाही, गाव नाही. उद्या कोणी म्हणेल उडत्या गाड्यांना थांबा द्या."

उठून आले, पण सोडणार नाही. एकीचं ऐकत नाहीत ना? आणखी माणसं शोधते. दवाखान्याच्या टेलिफोनवर बसणारे गृहस्थ पूर्ण अंध आहेत. त्यांना भेटले. ते म्हणाले, "मी तर चौकात येतच नाही. मागच्या दाराने बस पकडतो, वळसा घालून." असे किती जण मागच्या दाराने जात असतील? आमच्या ठिपक्यांत ते नाहीतच.

घरी आवराआवर करताना कपाटात पांढरी काठी दिसली. टोक चांगलंच झिजलेलं. न वापरता झिजते म्हणजे कमाल आहे. हल्ली काहीच टिकाऊ मिळत नाही.

२ मार्च

आज जे झालं ते नीट लिहून काढल्याशिवाय मन थाऱ्यावर येणार नाही.

साहेबांपुढे ठेवायला टोमणेबाईंचे निरोप छापत होते. शेवटच्या निरोपात यंत्राने लिहिलेलं, "पायाला खड कळली पाहिजे." खड? खडा? खड्डा? दाढीला म्हटलं, मूळ आवाज ऐकव. आजवर आम्ही लिहिलेलंच वाचायचो, ऐकत कधीच नव्हतो. त्याने बटण दाबलं.

"पायाला कड कळली पाहिजे. कड! डोळ्यांना नाही कळली तरी चालेल."

आई.

दाढी माझ्याकडे बघत राहिला. मी पर्स उचलली आणि घरी आले. आई रेडिओ ऐकत बसली होती. चपलासुद्धा न काढता विचारलं, "तू एकटी बाहेर जातेस?"

तिने रेडिओ बंद केला. "जाते."

"कधीपासून?"

"तू काठी आणलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. चांगली आहे काठी. सांगायचं राहूनच गेलं."

"कुठे जातेस?"

"शाळेत. दुपारी मुलींची कवायत असते. कुंपणापाशी बसते आणि ऐकते. नवी बाई आकडे फार भरभर मोजते, मागची रांग फरफटते."

"आणि मला न विचारता?"

"तू ऑफिसला जातेस ती मला विचारून जातेस?"

माझा तोल सुटला. पडलीस म्हणजे काय, बसखाली आलीस म्हणजे काय, दादाला मी कोणत्या तोंडाने सांगू, सगळं बोलले. ती शांतपणे म्हणाली, "पडले की. दोनदा. उठले."

मग मला रडूच आलं. "अगं पण मला का नाही सांगितलंस? खांब, पेटी, गटार, सगळं त्या यंत्राला सांगत बसलीस! मी रोज तुझ्यासमोर ताटावर बसते ना?"

ती म्हणाली, "घरी सांगितलं की तू काळजी करतेस. तिथे सांगितलं की तू उत्तर देतेस."

मी चपला काढल्या.

"आणि ती यंत्रातली बाई तुझ्यापेक्षा गोड बोलते," असं म्हणून तिने रेडिओ पुन्हा लावला.

४ मार्च

दोन दिवस आम्ही जेवढ्यास तेवढं बोलतोय. मी मधला मार्ग काढला होता. दुपारी सोबतीला एक बाई ठेवू, ती शाळेपर्यंत नेईल-आणेल. आई म्हणाली, "ठेव. मी तिला आधी दक्ष-विश्राम शिकवते, मग तीच पळून जाईल."

दादाला अजून कळवलेलं नाही. कळवणारही नाही.

९ मार्च

दाढीचं म्हणणं, टोमणेबाई कोण हे आपल्या दोघांतच राहू दे. तू नातं उघड केलंस तर मुद्दा मरेल. रात्रभर विचार केला. लपवलं आणि नंतर फुटलं तर चौकही जाईल आणि यंत्रावरचा लोकांचा विश्वासही जाईल. आईला विचारलं, तुझं नाव सांगू का? म्हणाली, "मी काय चोरी केलीय?"

म्हणून आज शाळेच्या सभागृहात आराखड्यावर झालेल्या लोकांच्या सभेत मीच उभी राहून सांगितलं. सपाट आराखडा माझा, त्यात चूक माझी, आणि ती दाखवणारी बाई माझी आई.

सभागृहात कुजबुज. साहेब छताकडे बघत होते. औषधवाले काका खुर्ची पुढे घेऊन आले. चेहरा लालबुंद. "म्हणजे तुमच्या आईसाठी पुन्हा पायऱ्या? मी काय करायचं? जन्मभर मला सांगत आले, थोडं थांबा, पुढच्या वेळी बघू. या वेळी चित्रात माझी वाट होती. आता तीही घेता?"

त्यांचंही खरं होतं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मी नाही ठरवत. तुम्ही ठरवा. चौक इथे मैदानावर उभा करते, खऱ्या मापाचा. चालून बघा, चाकं फिरवून बघा, भांडा. जे तुम्हा सगळ्यांना जमेल तेच बांधू."

बोलून खाली बसले. साहेब कानाशी म्हणाले, "कोणाला विचारून?" आता माघार नाही.

२३ मार्च

मैदानावरचा चौक! हातपाय दुखताहेत पण लिहितेच.

फळ्या, वाळूची पोती, प्लायवुड, चुन्याच्या रेघा. सुतारकाम करणारे दोघे शेजारी आणि मोठ्या वर्गातल्या मुली यांनी सकाळपासून खपून उभा केला. दाढी बस झाला. म्हणजे सायकलवर बसून घंटी वाजवत रस्त्यावरून फेऱ्या मारायच्या. जागोजागी त्याने कॅमेरे लावले होते, फक्त पावलं आणि चाकं टिपायला, चेहरे नाहीत.

माणसं जमली ती मी पूर्वी कधी सभेत बघितली नव्हती. टेलिफोनवाले गृहस्थ बायकोबरोबर. जुळ्यांची बाबागाडी ढकलणारी आई. दवाखान्यातला स्ट्रेचर ढकलणारा. फळांची हातगाडी घेऊन फळवाला. आणि आई, कवायतीच्या दिवसांतले पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, हातात काठी. थेट रांगेत जाऊन उभी.

आधी माझा लाडका सपाट चौक. औषधवाले काका सुळकन पलीकडे. बाबागाडी, स्ट्रेचर, हातगाडी, सगळे खूश. मग टेलिफोनवाले निघाले. काठीने चाचपत फुटपाथवरून सरळ चालले होते ते कधी रस्त्यावर आले त्यांना कळलंच नाही. दाढीने घंटी वाजवली, ब्रेक दाबला, सायकल त्यांच्या गुडघ्याशी. त्यांची बायको किंचाळली. ते हसले, म्हणाले, "बस असती तर?" कोणीच हसलं नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. काका खुर्चीच्या चाकांवर हात ठेवून बघत होते.

मग पूर्ण उंचीची पायरी. आईला कड लगेच कळली, पावलाने दोनदा ठोकून थांबली. काकांचं चाक अडलं ते अडलंच.

आणि मग भांडण सुरू झालं. मी मध्ये पडणार तेवढ्यात दाढीने माझी बाही ओढली.

काका म्हणाले, "ओलांडायच्या जागी तरी सपाट ठेवा की!"

आई म्हणाली, "ठेवा. पण ओलांडायची जागा आली हे मला कळलं पाहिजे. तिथे पायाला टोचेल असं काहीतरी घाला."

मुलींनी प्लायवुडच्या पट्टीवर बाटल्यांची झाकणं ठोकून उठाव केला. काकांनी त्यावरून खुर्ची नेली. "माझे दात वाजताहेत, बाई!"

"किती रुंद पट्टी चालेल दातांना?"

"वीतभर."

"वीत कोणाची?"

"माझी."

"तुमची वीत म्हणजे माझं अर्धं पाऊल. मी ओलांडून पुढे जाईन, कळणारही नाही. दोन विती."

"दीड."

"दोन. आणि बाकी रस्त्याच्या कडेची उंची तुम्ही ठरवा."

हातगाडीवाला म्हणाला, "मला विचारा की कोणीतरी!" त्यालाही घेतलं. दुपार होईपर्यंत त्यांनी जे उभं केलं ते असं: फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये सगळीकडे बुटकी कड, काठीला आणि पावलाला कळेल एवढीच. चारही कोपऱ्यांवर आणि काकांच्या दुकानासमोर सपाट वाट, तिच्या तोंडाशी दोन विती उठावाची पट्टी. खांब सगळे एका ओळीत, चालायच्या वाटेबाहेर. टेलिफोनवाले पाचही वाटांवर पट्टीपाशी थांबले, घंटी ऐकली, मग ओलांडले. एकदाही चुकले नाहीत. पाचव्या वेळी बायकोला म्हणाले, "तू बस गं सावलीत, मी जाऊन येतो." ती तिथेच उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

कारंजं कुठेच बसत नव्हतं. कोणी त्याचं नावही काढलं नाही. माझ्याखेरीज कोणालाच ते नको होतं असं दिसतंय.

निघताना काका आईला म्हणाले, "तुम्ही शाळेत माझ्या बहिणीला शिकवलंत. घरी रडत यायची."

"सरळ उभी राहायला शिकली का?"

"शिकली."

"मग झालं."

२९ मार्च

साहेबांना दाढीने पावलांची चित्रफीत दाखवली. नवा आराखडा पडद्यावर आला तेव्हा ते म्हणाले, "चित्र बिघडलं." मी म्हटलं, "चित्रात कोणाला राहायचं नाहीये." ते म्हणाले, उद्घाटनाची तारीखही वर कळवलेली आहे, आता काय सांगू? मी म्हटलं, "मी येते तुमच्याबरोबर वर." ते म्हणाले, विचार करतो. मी खुर्चीवरून उठलेच नाही. फोन आले, माणसं येऊन गेली, शिपायाने त्यांच्यापुढे चहा ठेवला, मग बिचकत माझ्यापुढेही ठेवला. अखेर त्यांनी सही केली, पण अर्ध्या चौकाची: शाळा आणि आमची गल्ली ही बाजू आधी, दवाखाना-बाजार पुढच्या वर्षी.

मग काकांना सांगायला गेले. त्यांचं दुकान दुसऱ्या अर्ध्यात आहे. ऐकून घेतलं, म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा साहेबांच्या खुर्चीसमोर बसाल ना?"

"बसेन."

"तेव्हा मी पण येतो. माझी खुर्ची मी घेऊनच येईन."

१७ ऑगस्ट

खणाखणी. धूळ. रोज सकाळी ऑफिसच्या आधी जाऊन कंत्राटदाराच्या डोक्यावर उभी राहते. आज एका बाजूची उठावाच्या फरशांची पट्टी उलटी बसवली होती, उठाव खाली! काढायला लावली. तो म्हणतो, "मॅडम, दिसायला सारखंच दिसतं." म्हटलं, दिसण्यासाठी नाहीच ते.

आईचं घरातलं रबर काढून टाकणं चालू आहे. चिकट डाग राहतात म्हणते.

४ डिसेंबर

अर्धा चौक खुला झाला. उद्घाटन झालं नाही, कठडे काढले आणि लोक चालायला लागले.

आज ऑफिसला थोडं उशिरा जाणार असं कळवलं. फरशांच्या घट्टपणाची तपासणी करायची होती. ती दुपारच्या सुमारास केलेली बरी, उजेड चांगला असतो. शाळेच्या बाजूच्या पट्टीशेजारी उभी होते. काका ट्रॅफिकमधून वाट काढत पलीकडून आले होते, तेही असेच काहीतरी बघायला.

गल्लीच्या तोंडाशी आई दिसली. पांढरे बूट. काठी डावी-उजवी, डावी-उजवी, मनात आकडे मोजत असल्यासारखी. कडेपाशी आली. पट्टी पायाखाली आल्यावर थांबली. एक टेम्पो येत होता. मला तो दिसत होता, तिला दिसणार नाही त्या बाजूचा. मी पाऊल उचललं. काकांनी माझं मनगट धरलं. आईने मान किंचित तिरकी केली. टेम्पो गेला. मागून एक दुचाकी होती, तिलाही जाऊ दिलं. मग रस्त्यावर पाऊल टाकलं आणि चालत आली, ना घाईने, ना भीत. मला वाटलं होतं मला बघायला जमणार नाही, पण बघितलं, सगळं.

या बाजूच्या पट्टीवर तिचं पाऊल आलं, काठीने ती दोनदा ठोकली. ती फुटपाथवर आली आणि माझ्याजवळून गेली. हात लांबवला असता तर लागला असता. मी हाक मारली नाही. श्वाससुद्धा जपून घेत होते. ती जाताना तोंडातल्या तोंडात हसली, काय आठवलं कोण जाणे. शाळेच्या फाटकातून आत गेली आणि थोड्याच वेळात मैदानावरून तिचा आवाज आला, "मागची रांग, घाई नको!"

मी ऑफिसला गेले.

संध्याकाळी चहा घेताना ती म्हणाली, "आज ऑफिसला उशीर झाला असेल ना गं?"

"छे, वेळेवर होते मी."

"बरं," ती म्हणाली आणि माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला.